निळं पोर्ट आणि हलका हात

आमच्या माहेरी दार आपटत नाहीत. म्हणजे कुठल्याच घरात आपटू नये, पण आमच्याकडे तो गुन्हाच. पेणच्या पुढे, हमरापूरच्या बाजूला आमचा गणपतींचा कारखाना, घराला लागूनच. फळ्यांवर ओल्या मूर्ती वाळत असायच्या. कुणाचे हात नुकतेच बसवलेले, कुणाची सोंड अजून ओली. दार धाडकन लागलं की भिंत हलणार, भिंतीबरोबर फळी हलणार, आणि एखाद्या बाप्पाचं बोट टपकन खाली येणार. म्हणून आमची माणसं दार लावतात ती घरात बाळ निजलंय अशी. माझा दादा तर चिवड्याच्या डब्याचं झाकणसुद्धा असं लावतो की आतल्या चिवड्याला कळू नये.

आणि अशा घरात देवाने मला जन्माला घातलं! मी दार लावलं की आतून आईचा आवाज यायचाच, "लावलंस गो, का मोडलंस?" मूर्तीला हात लावायची मला बंदी होती. माती तुडवायला मात्र पहिली मी, तिथे जोर लागतो ना. लग्न होऊन रोह्याला गेले, तिथल्या फळ्यांवर पातेल्यांशिवाय काही नाही हे पाहिलं, आणि तेव्हा कुठे मोकळेपणाने दारं लावायला लागले.

रोह्यात मी एका कंपनीत स्टोअरला आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, त्यामुळे माहेरी असा पक्का समज की मला कॉम्प्युटर कळतो. मला स्टोअरचं एक सॉफ्टवेअर कळतं, आणि ते अडकलं की कुणाला फोन करायचा हे कळतं. बाकी सगळी बोंब. पण माहेरच्या माणसांचा समज मोडायला जीवावर येतं, खरं सांगायचं तर बरंही वाटतं. त्या घरात मला येते असं मानली जाणारी तेवढी एकच गोष्ट होती.

यंदा आषाढात दादाचा फोन आला. "येतेस काय जरा? कॉम्प्युटर शेवटचे श्वास घेतोय. आणि आई त्याच्यात हाय."

हे शेवटचं वाक्य सांगायला हवं. आई दिवाळीनंतर गेली. कारखान्यात डोळ्यांची आखणी, म्हणजे मूर्तीची बुबुळं, पापण्या, भुवया काढायचं काम, फक्त तिचं होतं. बाकी रंग कुणीही द्यावा, डोळे तिनेच काढायचे. आणि आखणीच्या वेळी खोलीत कुणी थांबायचं नाही ही तिची रीत. मागे माणूस उभं राहिलं की सावली पडते, आणि बाप्पाने डोळे उघडले की त्याला पहिल्यांदा एकच तोंड दिसावं, गर्दी नको, असं म्हणायची. दार लोटून घ्यायची ती जेवणापर्यंत. त्यामुळे तिचा हात कसा चालतो हे आम्ही पोटच्या पोरांनीही पाहिलेलं नव्हतं.

यंदा आखणी वहिनीवर आली. घरात सगळ्यात हलका हात तिचाच. ती भाकरी थापते तीही आवाज न करता. पण डोळे काही जमेनात. मी पाहिले ना! रेघ बारीक, सुबक, चूक म्हणून बोट ठेवायला जागा नाही, पण बाप्पा आपल्याकडे बघतच नव्हता. आपल्यामागच्या भिंतीकडे बघत होता. दरवर्षी येणारं एक गिऱ्हाईक, बिचारं गरीब स्वभावाचं, तेही मान तिरकी करून म्हणालं, "यंदा काहीतरी वेगळं वाटतंय, नाय?" वहिनीने डोळे पुसले, पुन्हा काढले, पुन्हा पुसले. मग ती मूर्तींकडे पाठ करून जेवायला बसायला लागली.

आता 'आई त्याच्यात हाय' म्हणजे काय, तर तिच्या शेवटच्या हंगामात दादाने कारखान्यातल्या कॉम्प्युटरला छोटा कॅमेरा जोडला होता, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना मूर्ती दाखवायला. एका सकाळी तो बंद करायला विसरला. दादा विसरला नाही असा दिवस दाखवा मला! आई आत आली, दार लोटलं, आणि दिवसभर आखणी करत बसली. संध्याकाळी दादाच्या लक्षात आलं तोवर दिवसभराची एकच अवाढव्य फाईल तयार झाली होती. आईला सांगायची त्याची छाती झाली नाही, आणि फाईल पुसायचीही झाली नाही. तशीच पडून राहिली.

"मला एकदाच त्यांचा हात बघू दे, वन्सं," वहिनी फोनवर म्हणाली. "नायतर यंदा सगळे बाप्पा आंधळे जातील आपल्या घरातून." आणि रडायला लागली. वहिनीचं रडणंही हलकं, फोन बंद झालाय की काय असं वाटावं.

मी नवी हार्ड डिस्क घेतली, बाहेरून जोडायची, आणि रविवारची गाडी पकडून गेले. मला वाटलं, त्यात काय, जोडायचं, कॉपी, पेस्ट, जेवायचं, परत.

कॉम्प्युटरची तऱ्हा अशी होती. ती फाईल उघडायला गेलं की तो थिजायचा. नुसता चालू ठेवला तर तापत जायचा, आणि दोन चहा होतील एवढ्या वेळात आपोआप बंद. पंखा लावावा तर ओल्या रंगावर धूळ बसते, पंख्याला आमच्याकडे आषाढापासून बंदी. पेणच्या दुरुस्तीवाल्याने "उघडून बघतो, पण आतल्या मालाची हमी नाय" म्हटल्यावर दादाने त्याला हातही लावू दिला नाही. म्हणजे काय ते त्या दोन चहांच्या आत उरकायला हवं होतं. मध्येच बंद पडला की झालेली कॉपी फुकट, पुन्हा श्रीगणेशा.

कॉम्प्युटर उंच फळीवर ठेवलेला, खाली मातीची धूळ असते म्हणून. दादाने डिस्क पुढच्या बाजूच्या पोर्टात जोडली. कॉपी सुरू झाली. आकडा आला, पाऊण तासाच्या वर. दोन चहा झाले आणि कॉम्प्युटरने मान टाकली.

"भोक बदलून बघू," मी म्हटलं. दादा म्हणाला, "भोक बदलून काय होतंय? एकाच डब्याची भोकं ती. विजेच्या बोर्डात ह्या खटक्याला पंखा जोरात आणि त्या खटक्याला हळू फिरतो काय?" मला ते शंभर टक्के पटलं. तरीपण त्याला थंड होऊ दिला आणि मागच्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावली. तोच आकडा, तीच गत. मागे एक निळं पोर्टही होतं. त्यात लावली. तसंच! पण डिस्क घेताना दुकानदाराने मला दाखवायला म्हणून त्याच्या कॉम्प्युटरला जोडली होती, तेव्हा तर सिनेमाएवढी फाईल चुटकीत गेली होती. माझ्या डोळ्यांदेखत. मग ही माझ्या माहेरी येऊन लाजते काय?

माझं डोकं फिरलं. मी दादावर ओरडले, दादा कॉम्प्युटरवर ओरडला, अर्थात हळू आवाजात. वहिनी दारात उभी राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या बंद पडद्याकडे बघत होती. तिला वाटत होतं मला कळतंय. जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी डिस्क जोडून बघितली. बाणासारखी! आमच्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो हसला. "ताई, पोर्टं दिसायला सारखी, आतून नाय. काळी जुन्या पद्धतीची, त्यांचा वेग कमी. पुढची पोर्टं तर आतून वायरीने जोडलेली, जुन्या कॉम्प्युटरात ती बहुतेक जुनीच. निळं नव्या पद्धतीचं. डिस्क तीच, पण ज्या वाटेने जाईल त्या वाटेच्या वेगाने जाणार. आपल्या गाडीचं नाय का, माणूस तोच, पण एक्स्प्रेसने गेला तर सुसाट आणि आपल्या गाडीने गेला तर प्रत्येक फाट्यावर उभा."

"अहो, पण निळ्यात लावली होती ना!"

"वायर कुठली होती?"

वायर. डिस्कबरोबर आलेली वायर वीतभर. कॉम्प्युटर उंच फळीवर, मागे डिस्क लोंबकळली असती, म्हणून दादाने मोबाईल चार्ज करायची लांब वायर लावली होती. बसली होती की! डिस्कच्या रुंद तोंडाच्या अर्ध्या भागात ती बरोबर बसते. कॉम्प्युटरवाल्याने कपाळावर हात मारला. त्या वायरीत नव्या वेगाच्या तारा नसतातच म्हणे. मग बसते कशाला मेली? बसायचंच नव्हतं ना! जे चालत नाही ते बसू कसं देतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण आता उत्तर सापडलं होतं. पुढच्या रविवारी मी मुलीचा लॅपटॉपही बरोबर घेतला. म्हटलं, फाईल आली की तिथल्या तिथे बघायची. गाडीत मनातल्या मनात घोकत होते, निळं पोर्ट, वीतभर वायर, निळं पोर्ट, वीतभर वायर. घोकता घोकता हमरापूर मागे गेलं आणि मी पुढच्या स्टेशनावर, जित्याला उतरले. तिथून रिक्षा करून उलटी आले. रिक्षावाला म्हणाला, "झोप लागली काय, मावशी?" त्याला काय सांगू.

वहिनीने तयारी केली होती. फळीवर कॉम्प्युटरच्या मागे घमेलं पालथं घालून त्यावर स्वच्छ फडकं, डिस्क ठेवायला. जणू काही नवी मूर्तीच बसवायची होती. दादाने हात धुतले, पुसले, वीतभर वायर घेतली आणि निळ्या पोर्टात सरकवली. त्याच त्याच्या पद्धतीने, मऊ, अलगद, थोडी आत, मग थोडी आत, सोंडेला धक्का लागू नये अशी.

कॉपी, पेस्ट. आकडा आला.

पाऊण तास.

 निळं पोर्ट होतं, वायर तीच होती, डिस्क तीच होती. मग आता काय राहिलं? दादा म्हणाला, "तुझा कॉम्प्युटरवाला थापा मारतो." वहिनी म्हणाली, "मी लावून बघू?" तिने काढली, फुंकर मारली, आणि दादापेक्षाही हळू लावली. पाऊण तास. मधल्या वेळात कॉम्प्युटर तापत चालला होता, आतून घरघर यायला लागली होती. एक चहा होऊन गेला होता.

वहिनी खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, वन्सं. त्यांच्या मनात नाय. त्यांनी कधी कुणाला बघू दिलं नाय, त्या आतापण देणार नायत."

हे ऐकलं आणि माझं टाळकंच सटकलं. आईवर, कॉम्प्युटरवर, सगळ्यावरच. मी स्टुलावर चढले, वायर उपटली आणि "घे मेल्या!" म्हणून खाडकन आत हाणली. फळी थरथरली. दादा दोन्ही हात वर करून मूर्तींकडे धावला, "अगो मोडशील!"

आकडा आला. दहा मिनिटं. बघता बघता आठ.

 हिरवी पट्टी पळत होती. दादा मूर्तींसमोर हात पसरून तसाच उभा. मी त्या स्टुलावरूनच कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, रविवार होता तरी. तो म्हणाला, "हां, होतं असं कधी कधी. निळ्यात जुन्या पट्ट्यापण असतात आणि नव्यापण. फार हळू घातलं की जुन्या आधी टेकतात. कॉम्प्युटर समजतो, जुनंच काहीतरी आलंय, आणि जुन्या वेगाने बोलायला लागतो. एका दमात घालायचं, ताई."

"म्हणजे जोरात?"

"जोरात नाय हो, मोडाल. एका दमात."

हे काय नवीन! एवढी हुशार वस्तू, आणि आलेल्या माणसाची पारख तो उंबऱ्यावर पाय कसा ठेवतो त्याच्यावरून करते? मी नंतर कंपनीत दहादा करून बघितलं. हळू घातलं की कधी हळू चालते, कधी नीट चालते. मला आजही ह्याचा पुरता उलगडा झालेला नाही. एवढंच कळलं की आमच्या घरातला सगळ्यात चांगला गुण त्या पोर्टाला चालत नव्हता, आणि ज्या गुणासाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली तो चालला.

कॉपी पुरी झाली. डिस्क काढून हातात घेतली आणि पाठोपाठ कॉम्प्युटर बंद पडला. तो पुन्हा कधी चालू झाला नाही. दादाने त्यावर फडकं टाकलं.

लॅपटॉप आखणीच्या पाटावर ठेवला. मी डिस्क लावली, एका दमात. पडद्यावर आई आली. तिचं ते वाकून बसणं, चष्मा नाकावर घसरलेला, पायाशी रंगाची वाटी. मला भडभडून आलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनी मात्र रडली नाही, ती पडद्याला नाक लावून आईचा हात बघत होती.

आईने मूर्तीचा पाट जवळ ओढला. कुंचला रंगात बुडवला, वाटीच्या काठावर टोक केलं. सगळं हळू, निवांत. मग कुंचला डोळ्यापाशी नेला, थांबली, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "लाव गो दार."

आणि सट्‌! वरच्या पापणीची रेघ एका फटक्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आईचा हात असा चालायचा? आम्हाला वाटायचं, दार लोटून ती तासन्‌तास जीव मुठीत धरून रेघ ओढत असेल. दुसरा डोळा आला. कुंचला टेकायच्या आधी पुन्हा, "लाव गो दार." सट्‌.

"दार तर लावलेलंच दिसतंय," दादा चक्रावून म्हणाला. "कुणाला सांगते ही?" मीही चक्रावले. खोलीत तर चिटपाखरू नव्हतं. पुढची मूर्ती आली, तिच्या पुढची. प्रत्येक डोळ्याला तेच, "लाव गो दार," आणि सट्‌. म्हातारपणाचा चाळा असेल म्हणून आम्ही फाईल पुढे सरकवत राहिलो.

दुपारच्या सुमाराला एक मोठी मूर्ती आली. आईने रेघ ओढायला घेतली आणि हात मध्येच अडखळला. रेघ वाकडी गेली. तिने चिंधीने पुसली, चष्मा वर सारला, आणि मूर्तीला म्हणाली, रागावूनच म्हणाली, "मी विचार करत बसले बघ. नाय करायचा विचार. माझी पोर रोह्याची, ती दार लावते ना, तशी ओढायची रेघ. धाडकन. तिला कधी दाराची भीती वाटली नाय." मग हसली. कुंचला उचलला. "लाव गो दार."

सट्‌. आणि मूर्तीने डोळे उघडले. सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे सरळ माझ्याकडे.

मला काही सुधरेना. आई मला नावं ठेवत होती की शाबासकी देत होती? मूर्तीजवळ फिरकू दिलं नाही, आणि त्या बंद खोलीत प्रत्येक डोळ्याला मला हाक मारत होती? मग बाहेर येऊन "लावलंस गो, का मोडलंस" कशाला ओरडायचीस, बये? एकदा तरी सांगायचंस! मी त्या पडद्यालाच विचारत होते, मोठ्याने, आणि रडत होते, आणि आई आपली पुढची मूर्ती ओढत होती.

वहिनीने फाईल थांबवली, लॅपटॉप पाटावरून बाजूला ठेवला. उठली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली एक मूर्ती पाटावर घेतली, तिचे आदल्या दिवशीचे डोळे चिंधीने पुसले, कुंचला भिजवून टोक केलं. दादा रिवाजाप्रमाणे बाहेर जायला निघाला. मीही निघाले.

"तुम्ही नाय, वन्सं," वहिनी म्हणाली. कुंचला डोळ्यापाशी धरलेला. "तुम्ही जरा दार लावून दाखवा."

मी फळ्यांकडे बघितलं. भरलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत, सगळ्यांचे डोळे कोरे. दादा बाहेरून म्हणाला, "लाव गो."

मी दार लावलं.